कुठं बघितलं ते सांगा

वाकळेबाईंच्या टेबलावर चहा ठेवला की त्या आधी पेला उचलून उजेडाकडे धरायच्या. मग वास घ्यायच्या. मग चहावाल्याकडे बघायच्या. चहावाला बिचारा सरावला होता. तो दारातच थांबून म्हणायचा, "दूध आजचंच हाय, बाई."

"तुला कोण सांगितलं?"

"मीच आणलंय."

"डेअरीतून आणलंस. डेअरीवाल्याला कोण सांगितलं?"

एवढं झाल्यावर त्या चहा प्यायच्या, तोही अर्धा.

परभणीतल्या एका छोट्या दैनिकात मी उपसंपादक म्हणून लागलो तेव्हा बाई तिथे आधीपासून होत्या. उंच, हाडापेराच्या, सुती साडीतल्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मानवतहून रोज रेल्वेने यायच्या. गाडी किती वाजता येणार हे मोबाइलवर दिसतं, हे त्यांना माहीत होतं. तरी निघण्याआधी त्या स्टेशनजवळच्या एका टपरीवाल्याला फोन करून विचारायच्या की, रूळ ओलांडायचं फाटक पडलं का. "मोबाइल म्हणायलाय गाडी वेळेवर हाय. मोबाइल काय रुळावर उभाय का?" असं त्यांचं म्हणणं.

मूळच्या त्या मुद्रितशोधक. पुढे कागदावरचं काम संपलं, सगळं संगणकावर आलं, आणि त्यांच्याकडे जुन्या बातम्या शोधून द्यायचं काम आलं. आमच्या दैनिकात संगणक आल्यापासूनची प्रत्येक बातमी कोपऱ्यातल्या एका मोठ्या मशीनमध्ये साठवलेली होती. एकेका बातमीची एकेक फाइल. पण बातमीदारांनी फाइलींना दिलेली नावं म्हणजे 'नवीन', 'फायनल', 'फायनल दोन', नाहीतर नुसतंच 'अअअ'. नेहमीच्या खिडकीत शब्द टाकून शोधायला गेलं की ती खिडकी बराच वेळ गरगरायची आणि शेवटी सांगायची, काही सापडलं नाही.

हे मशीन बसवून देणारा नांदेडचा एक तंत्रज्ञ होता. दुसरीकडे नोकरी लागली म्हणून जाताना तो बाईंना काळा पडदा उघडून त्यावर आज्ञा टाइप करायला शिकवून गेला. दोनच आज्ञा बाईंच्या खास मर्जीतल्या. एक 'फाइंड'. ती फाइलीचं नाव बघते, तारीख बघते आणि कुठे ठेवलीय ते सांगते. दुसरी 'ग्रेप'. ती नावावर जात नाही. प्रत्येक फाइल उघडून आत शिरते, ओळ न् ओळ वाचते आणि हवा तो शब्द जिथे असेल ती ओळ समोर आणून टाकते. बाईंचा जीव ग्रेपवर.

"नाव काय, कुणीबी सांगतंय स्वतःचं," त्या म्हणायच्या. "आत काय हाय ते बघावं."

माझी त्यांची पहिली गाठ चारठाण्यामुळे पडली. तिथल्या जुन्या देवळांवर रविवारच्या पुरवणीसाठी मला लिहायचं होतं. आधी कुणी काही लिहिलंय का हे मी खिडकीत शोधलं आणि बाईंना जाऊन सांगितलं, "चारठाण्यावर आपल्याकडे काहीच नाही."

बाईंनी चष्मा चढवला. "काहीच न्हाई?"

"नाही."

"कुठं बघितलं ते सांगा."

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, काळा पडदा उघडला आणि टाइप करायला लागल्या. टाइप करता करताच बोलत होत्या. 'चारठाणा' असं मी शोधलं, पण कुणी 'चारठाणे' लिहिलं असेल. कुणी ण च्या जागी न लिहिला असेल. मग त्यांनी जे अक्षर पक्कं नव्हतं त्याच्या जागी टिंब टाकलं. टिंब म्हणजे इथे कुठलंही अक्षर चालेल. एवढ्यावर दोन-चार ओळी पडद्यावर आल्या. पण बाईंचं तेवढ्यावर भागलं नाही. आमच्याकडच्या सुरुवातीच्या काळातल्या बातम्या जुन्या फॉन्टमध्ये होत्या. त्या फॉन्टमधलं मराठी संगणकाला मराठी वाटतच नाही. त्याच्या लेखी ती वेडीवाकडी रोमन अक्षरं असतात. 'चारठाणा' असं सरळ मराठीत विचारलं तर जन्मात सापडणार नाही. बाईंनी तोच शब्द जुन्या फॉन्टमध्ये टाइप केला, त्याची जी गिचमिड झाली ती उचलली आणि ग्रेपला दिली.

गिचमिडीच्या ओळीच ओळी पडद्यावर उतरल्या. त्यातली एक फाइल बाईंनी जुन्या फॉन्टमध्ये उघडली. एका निवृत्त गुरुजींनी चारठाण्यावर लिहिलेला भला मोठा लेख होता तो.

मी खुश झालो. बाई नाही झाल्या. "आता हे गुरुजी खरं लिहिलेत का ते जाऊन बघा," त्या म्हणाल्या. "छापलंय म्हणून खरं नसतंय."

एवढा संशय कुठून आला, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही मी न विचारता. नोकरीला नव्याने लागल्या होत्या तेव्हा त्यांनी फोनवरून एक निधनाची बातमी घेतली होती. दुसऱ्या दिवशी ती छापून आली आणि त्यानंतर ज्याचं निधन झालं होतं तो माणूस स्वतः कार्यालयात आला. भांडला नाही. बाईंच्या टेबलासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मी हाय." भावकीतल्या कुणीतरी सूड म्हणून तो फोन केला होता. बातमी वाचून त्या माणसाची म्हातारी आई अंथरुणाला खिळली ती उठलीच नाही.

"फोनवरचा माणूस रडत होता," बाई म्हणाल्या. "रडणारा माणूस खोटं बोलत न्हाई, आसं वाटलं मला."

कार्यालयातली माणसं मात्र बाईंनाच वचकून होती. त्याचं कारण आमच्या क्रीडा पानाचे जाधव. एकदा भाजी मंडईतल्या ओट्यांच्या वादाची बातमी चालली होती. जुना संदर्भ हवा म्हणून बाईंनी 'ओट' एवढंच शोधलं, म्हणजे ओटा, ओटे, ओट्यांचा, सगळं एका फटक्यात येईल. त्यात जाधवांच्या खासगी फोल्डरमधल्या कविताही आल्या. बाईंनी संध्याकाळी सगळ्यांदेखत जाधवांना सांगितलं, "जाधव, ओठ शब्दात ठ असतोय. तुमी समद्या कवितांत ट लिहिलाय."

जाधव कानापर्यंत लाल झाले. बाईंना त्यात विनोद दिसला नव्हता. त्यांच्या लेखी ते शुद्धलेखन होतं. पण त्या दिवशी सगळ्यांना कळलं की या बाईंना मशीनमधलं सगळं दिसतं. लोक आपलं खासगी लिखाण पेन ड्राइव्हवर ठेवायला लागले. दुसऱ्या नोकरीसाठी लिहिलेला माझा अर्जही मी त्याच संध्याकाळी तिथून काढून घरी नेला. हळूहळू अशी कुजबुज सुरू झाली की, वाकळेबाई म्हणजे साहेबांचा कान. साहेब म्हणजे आमचे संपादक देवडे. बाई दुपारचा डबा एकट्या खायच्या. आधी ती त्यांची सवय होती. नंतर त्यांच्याजवळ कुणी बसेनासंच झालं.

अशात गरडांचं प्रकरण झालं.

व्यंकट गरड गंगाखेडचे आमचे बातमीदार. बसस्टँडजवळ त्यांचं झेरॉक्सचं दुकान होतं. दुकान सांभाळून ते तालुक्यातल्या बातम्या पाठवायचे. बुटके, अबोल, खांद्याला कायम एक शबनम पिशवी. जिल्हा बैठकीला आले तर शेवटच्या खुर्चीवर बसायचे आणि चहा झाला की शेवटच्या बसच्या काळजीने उठायचे.

एका दुपारी देवडे साहेब बाईंच्या टेबलाशी आले. हे नवल होतं. साहेब कुणाच्या टेबलाशी जात नसत. माझी खुर्ची शेजारीच असल्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"गरड जुन्याच बातम्या पुन्हा पाठवतोय असा मला संशय आहे," साहेब म्हणाले. "जरा बघा."

संशय हा शब्द ऐकून बाई ताठ बसल्या. साहेबांनी दाखवलेल्या ताज्या अंकातल्या बातमीतलं एक वाक्य त्यांनी उचललं आणि छापून आलेल्या अंकांच्या फोल्डरवर ग्रेप चालवला. मी वाकून बघितलं. पडद्यावर एकाखाली एक ओळी पडत गेल्या. 'ऊस वाहतूक करणाऱ्या ट्रॅक्टरची ट्रॉली उलटून एका ऊसतोड मजुराचा जागीच मृत्यू झाला, तर काही जण किरकोळ जखमी झाले.' वर्षं वेगवेगळी. वाक्य तेच, स्वल्पविरामासकट तेच. रबरी शिक्का मारत जावा तसं ते खाली खाली उतरत होतं.

"दरसाल त्योच माणूस मारलाय ह्यानं," बाई म्हणाल्या. सगळ्या ओळींची प्रिंट काढून त्यांनी ती साहेबांच्या हातात दिली.

गरडांना बोलावणं गेलं. ते आले तेव्हा साहेबांनी केबिनचं दार मुद्दाम उघडं ठेवलं आणि बाईंनाही आत बोलावलं. प्रिंट गरडांपुढे सरकवली. गरडांनी ती सावकाश, वरपासून खालपर्यंत वाचली.

"साहेब, दरवर्षी ट्रॉली उलटते," ते म्हणाले. "मी काय करू त्याला?"

"आणि शब्दही दरवर्षी तेच?"

गरडांनी प्रिंट खाली ठेवली. ते बाईंकडे वळले. "बाई, तुमी हे कुठं बघितलं?"

"अंकात," बाई म्हणाल्या.

"अंकात," गरड म्हणाले. त्यांनी मान हलवली, जणू काही कळलं. मग शबनममधून आमच्या दैनिकाचं ओळखपत्र काढलं, टेबलावर ठेवलं आणि निघून गेले.  त्यांच्या गप्प राहण्यामुळे सगळ्यांना ते चोर वाटले. मलाही वाटले.

आठवडा उलटायच्या आत गंगाखेडला नवा बातमीदार नेमला गेला. तो देवडे साहेबांचा भाचा होता.

मग कार्यालयात सगळं उघडच बोललं जाऊ लागलं. भाच्याला जागा हवी होती, म्हणून साहेबांनी बाईंकडून गरडचा काटा काढून घेतला. जाधव तर बाई समोरून आल्या की मोबाइल उलटा ठेवायचे. बाईंच्या हे लक्षात येत नव्हतं असं नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातला संशय त्यांच्याइतका कुणाला ओळखता येणार?  पण त्या काम संपलं तरी उठायच्या नाहीत. काळा पडदा उघडून काहीतरी टाइप करत राहायच्या, मधेच बोटं थांबवून छताकडे बघायच्या.

पुढे एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. "कदम, इकडं या. आन् दार लोटून घ्या."

पडद्यावर जुन्या फॉन्टमधली एक फाइल उघडी होती.

"ही गरडची बातमी. छापलेली न्हाई, त्यानं धाडलेली," बाई म्हणाल्या. "आवक फोल्डरमधली. आजून जुन्याच फॉन्टात टाइप करतोय तो."

मी वाचली. मेलेल्या माणसाचं नाव होतं. गाव होतं. ट्रॉलीला मागचा दिवा नव्हता, हे होतं. मुकादम जखमींना तिथेच सोडून गेला, हे होतं. बाईंनी दुसरी फाइल उघडली. आधीच्या वर्षीची. दुसरं नाव, दुसरं गाव. मेलेली एक बाई होती आणि तिचं तान्हं लेकरू उसाच्या मोळ्यांवर पडल्यामुळे वाचलं होतं. मग तिसरी. एकाही फाइलीत 'एका ऊसतोड मजुराचा' हे शब्द नव्हते.

"मग ते वाक्य?"

"आपलं हाय," बाई म्हणाल्या. "डेस्कचं."

जिल्हा पान लावणाऱ्यांकडे कधीपासून ते तयार वाक्य ठेवलेलं होतं. ट्रॉली उलटली की बातमी कापायची आणि ते वाक्य चिकटवायचं. जागा नसते, ही सबब. मी तेव्हा पुरवणीवर होतो, त्यामुळे मला हे ठाऊक नव्हतं. पण ज्यांना ठाऊक होतं त्यांच्यातलंही कुणी त्या दिवशी गरडांसाठी केबिनमध्ये गेलं नव्हतं.

बाईंनी फाइल बंद केली. "सापडलं न्हाई की मी दहा जागी बघते," त्या म्हणाल्या. "आन् सापडलं की थांबले. सापडल्यावर कोण बघतंय पुढं?"

त्यांना मी तसं हताश कधी बघितलं नव्हतं. समजूत काढावी म्हणून म्हणालो, "साहेबांनी विचारलं, तुम्ही दाखवलं. तुमचा काय दोष?"

"साहेब मलाच का विचारलं, हे मी का न्हाई विचारलं?" त्या म्हणाल्या. "चहावाल्याला विचारते मी. साहेबाला न्हाई विचारलं."

दोन दिवसांनी सुट्टी होती. बाई म्हणाल्या, गंगाखेडला चला. मी म्हणालो, मी कशाला? "साक्षीला," त्या म्हणाल्या. "मी काय बोलले आन् तो काय बोलला, हे नंतर मी माझ्या सोयीनं सांगन. माणूस सांगतंच." आम्ही एसटीने गेलो. पाटी गंगाखेडची होती तरी बाईंनी ड्रायव्हर, कंडक्टर आणि आधीच बसलेल्या एका म्हातारीला, ही गाडी गंगाखेडलाच जातीय ना, असं विचारून घेतलं.

गरड दुकानात होते. आम्हाला बघून त्यांनी झेरॉक्स मशीनचं झाकण खाली केलं.

"आता काय शोधायला आलाव?"

"माझं चुकलं, हे सांगाया आले," बाई म्हणाल्या. "तुमी धाडलेल्या फाइली बघितल्या मी. आता बघितल्या."

गरडांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे, आणखी कुणी आलंय का म्हणून. "साहेब धाडलंय का तुमाला? लिहून बिहून घ्यायचंय का माझ्याकून?"

"न्हाई."

"मग कशाला आलाव?"

"त्या दिवशी सांगायचं होतं तुमी, की नावं धाडली होती म्हणून," बाई म्हणाल्या.

"मी इचारलं ना तुमाला, कुठं बघितलं. तुमी म्हणलाव, अंकात. मला वाटलं, तुमाला समदं ठाऊक हाय आन् ठाऊक असून करायलात. मग काय बोलू?"

 गिऱ्हाईक आलं, गरडांनी त्याच्या कागदांच्या प्रती काढून दिल्या. बाई उभ्याच होत्या. गिऱ्हाईक गेल्यावर त्या म्हणाल्या, "ह्या साली जो माणूस गेला, रामकिसन, त्याच्या घरी मला न्या."

"तिथं काय हाय?"

"तुमी लिहिलंय त्ये खरं हाय का, बघायचंय."

मला वाटलं, आता गरड आम्हाला हाकलतील. माफी मागायला आलेली बाई उभ्या उभ्या पुन्हा संशय घेत होती. पण गरड पहिल्यांदा जरासे सैल झाले. "चला," ते म्हणाले. "आसं त्या दिवशीच आला असताव तर बरं झालं असतं."

गाव लांब नव्हतं. शेअर रिक्षाने गेलो. रामकिसनची बायको अनुसया घरीच होती. नवऱ्यामागे तिने कारखान्यावर जाणं सोडलं होतं, गावातच मजुरीला जायची. गरडांना ती ओळखत होती. आम्ही पेपरातले आहोत हे कळल्यावर तिने बाईंना पाट दिला, पाणी दिलं. बाई ते पाणी न बघता प्यायल्या, हे मला अजून आठवतं.

बाईंनी विचारायला सुरुवात केली. ट्रॉली कुठे उलटली? दिवा होता का? मुकादम थांबला का? अनुसया सांगत गेली. जे गरडांनी लिहिलं होतं तेच, त्याच क्रमाने. बोलता बोलता ती आत गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं आमच्या अंकाचं कात्रण घेऊन आली. तिने ते बाईंच्या हातात दिलं.

"मला वाचता येत न्हाई," ती म्हणाली. "लेकरं लहान हायत आजून. ह्यात त्यायचं नाव कुठं हाय, जरा बोट ठिवून दावा. नुसतं बघून ठिवते."

गरडांनी मान फिरवली. मी बाईंकडे बघत होतो. कात्रणात ते एकच वाक्य होतं. बोट कुठेही ठेवलं असतं तर चाललं असतं. 'मजुराचा' या शब्दावर ठेवलं असतं तर ती बाई जन्मभर तोच शब्द आपल्या नवऱ्याचं नाव म्हणून बघत राहिली असती, आणि तिला कधी कळलंही नसतं. मनातून मला वाटत होतं, बाईंनी तसं करावं.

बाईंनी कात्रण दोन्ही हातांत धरलं. "ह्यात नाव न्हाई," त्या म्हणाल्या.

"म्हंजे?"

"ह्यांनी लिहून धाडलं होतं," त्यांनी गरडांकडे हात केला. "आमी काढलं. आमी पेपरवाले."

अनुसयाने कात्रणाकडे बघितलं. "कामून काढलं?"

"जागा नव्हती म्हणून," बाई म्हणाल्या. आणि हे शब्द तोंडातून गेल्यावर त्यांनी डोळे मिटले.

अनुसयाने कात्रण परत घेतलं. फेकलं नाही. घडी घालून पिशवीत ठेवलं आणि पिशवी आत ठेवून आली.  निघताना बाईंनी तिला कसला शब्द दिला नाही. छापून आणते, असंही म्हणाल्या नाहीत. परतीच्या बसमध्ये मी त्याबद्दल विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आमच्या शब्दावर तिनं का इश्वास ठिवावा?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत बाई येऊन बसल्या. त्या बैठकीला कधी येत नसत. उद्याची पानं ठरत होती. बाईंनी गरडांच्या मूळ बातम्यांच्या प्रिंट टेबलावर ठेवल्या आणि काय झालं ते सांगितलं. गरडांचं चुकलं नाही, माझं चुकलं, डेस्कचं चुकलं, असं त्यांनी सरळ म्हटलं. भाच्याचा विषय काढला नाही.

देवडे साहेबांनी प्रिंटला हात लावला नाही. "तुम्ही गंगाखेडला गेला होता म्हणे," ते म्हणाले. "एवढी धावपळ कशासाठी? गरडचं नि तुमचं काही जुनं आहे का?"

बैठकीत सगळे खाली बघायला लागले. बाईंनी साहेबांकडे बघितलं. त्यांचा आवाज चढला नाही.

"हे इचारलं ते बरं केलं," त्या म्हणाल्या. "समद्यांना इचारत जावं. मीबी इचारते. त्या दिवशी गरडचंच नाव तुमी का दिलं मला?"

साहेब म्हणाले, बैठक पानांसाठी आहे, हा विषय नंतर. तो नंतर निघाला नाही. पण बैठक संपल्यावर जाधव उठून बाईंच्या टेबलाशी गेले. डेस्कवरच्या संगणकातली ती तयार वाक्याची फाइल कुठे आहे, ती शोधून द्या, असं म्हणाले. बाईंनी ती शोधली. एकच नव्हती, चार-पाच जणांनी आपापल्याकडे उतरवून घेतली होती. 'अपघात', 'ट्रॉली', 'फायनल' अशी तिची नावं. जाधवांनी आपल्या हाताने सगळ्या पुसल्या. पुसल्यावर बाईंनी पुन्हा एकदा ग्रेप चालवला, खरंच गेल्यात का म्हणून.

गरड लगेच परत आले नाहीत. भाच्याचं गंगाखेडात मन रमेना, तो पुढे पुण्याला गेला. तेव्हा साहेबांनी गरडांना निरोप पाठवला. गरडांनी कळवलं, नावं कापणार नसाल तर येतो. साहेबांनी हो म्हटलं की नाही, मला माहीत नाही. पण पुढच्या हंगामात गंगाखेडहून आलेल्या बातमीत एक नाव आलं आणि ते छापलं गेलं. त्याआधी एका अंकात, आतल्या पानावर, रामकिसनचं नाव आणि गाव असलेला छोटासा खुलासा आला होता. तो कुणी लावला, हे साहेबांनी विचारलं. कुणी सांगितलं नाही. बाईंनीही शोधलं नाही, आणि त्यांना ते शोधता आलं नसतं असं मला वाटत नाही.

लोक त्यांच्याशी पुन्हा बोलायला लागले, पण जेवायला कुणी बोलावलं नाही. पेन ड्राइव्हही तसेच राहिले. बाईंना त्याचं वाईट वाटलं नाही. "बरं करायलात," त्या म्हणायच्या. "ज्याला समदं दिसतंय, त्याच्यावर नजर पायजे."

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी निरोप समारंभ नको म्हटलं. शाल दिली, ती घडी मोडून शेवटपर्यंत तपासली आणि घेतली. मग मला टेबलाशी बोलावलं, कारण जुन्या बातम्यांचं काम आता माझ्याकडे येणार होतं. मशीनचा सगळ्यात वरचा पासवर्ड त्यांनी मला सांगितला. तो काय होता ते मी लिहिणार नाही. मग म्हणाल्या, "आता ह्यो बदला. तुमच्या मनाचा नवा टाका."

"आत्ता कशाला, बाई? सावकाश बदलतो."

"आत्ता. मला ठाऊक हाय तवर ह्यो पासवर्ड काय कामाचा?"

मी खुर्चीवर बसलो. त्या मागे उभ्या राहिल्या, मग वळून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. माझी बोटं थांबल्यावर त्यांनी विचारलं, "झालं?"

"झालं."

"मी बघितलं न्हाई," भिंतीकडेच बघत त्या म्हणाल्या. "पण तुमी त्यावर जाऊ नका. मी गेल्यावर परत एकदा बदला."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. शाल पिशवीत कोंबून त्या जिना उतरून गेल्या. मी खिडकीशी गेलो. खाली रस्त्यावर त्या एका रिक्षावाल्याशी बोलत होत्या. त्याने काहीतरी सांगितलं. बाईंनी मान हलवली आणि पुढच्या रिक्षाकडे गेल्या. तिथेही तेच. तिसऱ्या रिक्षाजवळ त्या थांबल्याच नाहीत, स्टेशनच्या दिशेने चालायला लागल्या. त्या कोपऱ्यावरून वळून दिसेनाशा झाल्यावर मी परत येऊन खुर्चीवर बसलो आणि पासवर्ड बदलला.